घरी चालणारा उपचार : दीर्घकालीन आजारांतील एकात्मिक सेवा आणि स्वव्यवस्थापन

आजच्या दवाखान्यांची आणि रुग्णालयांची घडण मुख्यतः थोड्या दिवसांत निस्तरणाऱ्या आजारांना समोर ठेवून झालेली आहे. न्यूमोनिया झाला, हाड मोडले किंवा आंत्रपुच्छाला सूज आली, तर रुग्ण डॉक्टरांकडे येतो, निदान होते, औषध दिले जाते किंवा शस्त्रक्रिया होते आणि काही दिवसांत तो बरा होऊन घरी परततो. या काळातले जवळजवळ सगळे निर्णय डॉक्टर घेतात आणि दिलेल्या सूचना पाळण्यापलीकडे रुग्णाला फारसे काही करावे लागत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, हृदयविकार, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा जुनाट विकार मात्र या चौकटीत बसत नाही. हे आजार सहसा पूर्ण बरे होत नाहीत, ते आटोक्यात ठेवावे लागतात, आणि आटोक्यात ठेवण्याचे हे काम स्वयंपाकघरात, शेतात, कामाच्या ठिकाणी आणि प्रवासात चालते. दर महिन्याला दहा मिनिटांची तपासणी धरली तरी वर्षभरात डॉक्टर आणि रुग्ण यांची गाठ जेमतेम दोन तास पडते. वर्षाचे उरलेले ८,७५८ तास आजाराची जबाबदारी रुग्ण आणि त्याचे कुटुंबीयच वाहतात.

या कामाचा भारतातील आवाका फार मोठा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. एवढ्या लोकांना आयुष्यभर केवळ तज्ज्ञ डॉक्टरांच्या दारात उभे करून सांभाळणे कोणत्याही देशाला शक्य नाही, म्हणूनच गेल्या काही दशकांत दोन कल्पना पुढे आल्या. त्यांपैकी पहिली एकात्मिक सेवा. एका माणसाच्या सर्व आजारांवर वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या व्यक्तींकडून होणारे उपचार एकमेकांशी जोडून एका आराखड्यात आणणे, असा तिचा अर्थ. दुसरी कल्पना स्वव्यवस्थापनाची. औषध, आहार, व्यायाम, मोजमाप, धोक्याची लक्षणे आणि मनावरचा ताण यांविषयीचे रोजचे निर्णय समजून-उमजून घेण्याची रुग्णाची क्षमता, असा तिचा अर्थ. या दोन कल्पना अनेकदा स्वतंत्रपणे मांडल्या जातात. प्रत्यक्षात सेवा विस्कळीत असेल तर रुग्णाला स्वतःला सांभाळणे अशक्य होते आणि रुग्ण अडाणी ठेवला गेला तर उत्तम सेवाही त्याच्या घरापर्यंत पोहोचत नाही.

रुग्णाला शिकवण्याची परंपरा

मधुमेहाच्या रुग्णाला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे, हे अमेरिकेतील बोस्टन येथील डॉक्टर इलियट जोस्लिन यांनी इन्सुलिनचा शोध लागण्याआधीच ओळखले होते. १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनीही वापरावी अशी मधुमेहाची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि रुग्णांना आहार, लघवीची तपासणी व पायांची निगा शिकवण्यासाठी परिचारिका तयार केल्या. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी ते माणसांना दिले जाऊ लागले, तेव्हा या शिकवणीचे महत्त्व आणखी वाढले. दिवसातून अनेकदा टोचायचे, मात्रा थोडी जास्त झाली तर बेशुद्धी आणणारे आणि कमी पडली तर जीव धोक्यात घालणारे हे औषध रुग्णाच्या हाती सोपवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते अज्ञानी हाती सोपवणे धोक्याचे होते.

पुढे १९८० च्या दशकात ज्युलिएट कॉर्बिन आणि अॅन्सेल्म स्ट्रॉस या अमेरिकन अभ्यासकांनी दीर्घ आजारी माणसाला तीन प्रकारची कामे करावी लागतात, अशी मांडणी केली. पहिले काम औषधोपचाराचे, दुसरे आपली नोकरी, संसार, पालकत्व या भूमिका आजारासकट पार पाडण्याचे आणि तिसरे भीती, राग, निराशा व अनिश्चित भविष्य यांना तोंड देण्याचे. वैद्यकीय व्यवस्था पहिल्या कामाविषयी थोडेफार बोलते, उरलेल्या दोन कामांविषयी बहुधा गप्पच राहते. मात्र गोळ्या का चुकतात, याचे उत्तर पुष्कळदा त्या दोन कामांतच दडलेले असते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील केट लॉरिग यांनी संधिवाताच्या रुग्णांपासून सुरुवात करून सहा आठवड्यांचा एक अभ्यासवर्ग विकसित केला, ज्यात आठवड्यातून एकदा अडीच तास वेगवेगळ्या जुनाट आजारांचे लोक एकत्र बसत आणि वर्ग चालवणारे दोघेही सहसा डॉक्टर नसत, तर अशा आजारांचा स्वतः अनुभव असलेले प्रशिक्षित सामान्य लोक असत. या वर्गाचा कणा म्हणजे साप्ताहिक कृतियोजना. सहभागी व्यक्ती येत्या आठवड्यात नेमके काय, किती, कधी आणि किती वेळा करणार हे ठरवते आणि ते जमेल याची खात्री शून्य ते दहा या मापावर सांगते. खात्री सातहून कमी असेल, तर योजनाच सोपी केली जाते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्वक्षमतेवरील विश्वासाचा सिद्धांत या पद्धतीच्या मुळाशी आहे. एखादी गोष्ट आपल्याला जमेल असे ज्याला वाटते तोच ती सुरू करतो आणि अडचण आली तरी टिकवतो. हा विश्वास उपदेशाने वाढत नाही, लहान लहान यशांनी वाढतो.

१९९० च्या दशकात सिअॅटल येथील डॉक्टर एडवर्ड वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकालीन आजारांच्या सेवेचा आराखडा तयार केला. आरोग्यसंस्थेचे नेतृत्व, समाजातील साधनसंपत्ती, रुग्णाच्या स्वव्यवस्थापनाला आधार, कामाची संघभावनेने वाटणी, डॉक्टरांना शास्त्रीय निर्णयांसाठी मदत आणि रुग्णांची नोंद ठेवणारी माहितीव्यवस्था अशी त्याची सहा अंगे आहेत. जाणकार व सक्रिय रुग्ण आणि त्याच्या येण्याआधीच तयारीत असलेला आरोग्यसंघ यांची भेट घडवून आणणे हे या सहाही अंगांचे उद्दिष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हाच विचार विस्तारून कमी उत्पन्नाच्या देशांसाठी मांडला आणि त्यात कुटुंब व समाज यांना मोठे स्थान दिले.

एकत्र उपचारांचे फळ

अनेक धोके एकाच वेळी आवरल्याने काय साधते, याचा ठळक पुरावा कोपनहेगन येथील स्टेनो केंद्राच्या अभ्यासातून मिळाला. टाइप २ मधुमेह असलेल्या आणि लघवीतून अल्प प्रमाणात प्रथिन जाऊ लागलेल्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या हानीची पहिली खूण दिसलेल्या १६० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्या गटाची रक्तशर्करा, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या साऱ्यांवर डॉक्टर, परिचारिका व आहारतज्ज्ञ यांच्या एका लहान संघाने एकत्रितपणे काम केले. सुमारे आठ वर्षांनंतर, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता. सुरुवातीपासून २१ वर्षांचा पाठपुरावा झाला, तेव्हा या गटातील लोक मध्यकानुसार ७.९ वर्षे अधिक जगले असे दिसून आले.

दक्षिण आशियातही अशा प्रयोगांना यश आले आहे. भारत आणि पाकिस्तानातील दहा मधुमेह दवाखान्यांत १,१४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांचा पाठपुरावा करणारा सेवा-समन्वयक नेमला गेला, जो डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टरांना उपचारातील पुढचे पाऊल सुचवणारी संगणकीय नोंदपद्धती पुरवली गेली. साखर आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल अशी एकत्रित उद्दिष्टे गाठणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवेत ८.१ टक्के, तर या पद्धतीत १८.२ टक्के होते. सुधारणा दुपटीहून अधिक होती; मात्र मोजके दवाखाने आणि जादा मनुष्यबळ असूनही पाचपैकी चार रुग्ण उद्दिष्टांपासून दूरच राहिले, हेही याच आकड्यांतून दिसते. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील ३० ग्रामीण वस्त्यांत झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजला व समुपदेशन केले, तेव्हा दोन वर्षांनी वरचा रक्तदाब तुलनेच्या गटापेक्षा सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने अधिक उतरला होता.

मनाचे आजार या जोडणीत अनेकदा सुटून जातात. मधुमेहाबरोबर नैराश्य आले, तर माणसाला उठून चालायला जाण्याचा, स्वयंपाकात बदल करण्याचा आणि वेळेवर गोळी घेण्याचा उत्साहच राहत नाही, साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने निराशा आणखी गडद होते. भारतातील चार दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही विकारांवर एकाच ठिकाणी, एकाच संघाने उपचार केले, तेव्हा नैराश्य आणि शारीरिक मापे या दोन्हींत सुधारणा झालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवेपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले.

विस्कळीत सेवेचा भार

जोडणी नसते तेव्हा काय घडते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेली साठीची स्त्री गुडघेदुखीसाठी एका डॉक्टरांकडे, साखरेसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे आणि डोळ्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाते. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, औषधाचे दुकान वेगळे आणि एकाने काय दिले हे दुसऱ्याला माहीत नसते. गुडघ्यांसाठी दीर्घकाळ घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात, स्टेरॉइडने साखर चढते, आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोन चिठ्ठ्यांवर आले, तर त्याची दुप्पट मात्रा पोटात जाते. क्षयरोगाचा मधुमेहाशी असलेला संबंध याहून गंभीर आहे. मधुमेहाने क्षयाचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो आणि क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम घटवते, त्यामुळे क्षयाच्या रुग्णाची साखर आणि मधुमेहीचा खोकला तपासणे या क्षय आणि मधुमेह यांच्या कार्यक्रमांनी एकमेकांसाठी करायच्या गोष्टी आहेत.

अशा स्थितीत सगळ्या चिठ्ठ्यांची सांगड घालण्याचे काम अखेर त्या स्त्रीवर किंवा तिच्या सुनेवर येऊन पडते, आणि ते जमले नाही की "पथ्य पाळत नाही" हा शेरा तिलाच ऐकावा लागतो. या बोलण्याचा वैद्यकीय तोटाही आहे. रागावले जाईल या भीतीने रुग्ण चुकलेल्या गोळ्या लपवतो, गोळीचा गुण येत नाही असे समजून डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि पुढे एखाद्या दिवशी रुग्णाने सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या की रक्तदाब किंवा साखर धोकादायकपणे उतरते. गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या हे मोकळेपणाने विचारणे आणि उत्तर ऐकून न रागावणे हे म्हणूनच निदानाचे साधन आहे.

उच्च रक्तदाबाचा कार्यक्रम : महाराष्ट्राचा अनुभव

कमी साधनांतही जोडणी करता येते, याचे उदाहरण म्हणून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाकडे पाहता येते. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहभागाने २०१७ मध्ये जाहीर झालेला हा उपक्रम आरंभी पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत राबवला गेला, त्यांत महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

उपक्रमाची तत्त्वे साधी आहेत. प्रत्येक राज्याने औषधांचा एक ठरलेला क्रम निश्चित केला, म्हणजे पहिल्या भेटीत कोणती गोळी किती मात्रेत द्यायची आणि महिन्याभरात रक्तदाब १४०/९० च्या खाली आला नाही तर पुढे काय करायचे, हे कागदावर नक्की झाले. औषधे मोजकी असल्याने ती मोठ्या प्रमाणावर खरेदी करणे आणि केंद्रांवर साठा अखंड ठेवणे सोपे झाले. रक्तदाब मोजणे, नोंद करणे आणि चुकलेल्या रुग्णाला बोलावणे ही कामे परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा स्वयंसेविका यांच्यात वाटली गेली. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली गेल्यामुळे कोणता रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही, हे केंद्राला कळू लागले. एरवी न आलेला रुग्ण व्यवस्थेच्या नजरेतून नाहीसाच होतो. स्थिरावलेल्या रुग्णाला महिन्याच्या गोळ्या गावाजवळच्या उपकेंद्रावर, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मिळण्याची सोय ही यांतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल, कारण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला तालुक्याला जाणे म्हणजे एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी बुडणे, आणि गोळ्या सुटण्याचे ते एक प्रमुख कारण असते.

शिकण्याजोगी कौशल्ये

रुग्णाने शिकायच्या गोष्टी थोड्या आणि ठोस आहेत. रक्तदाबाच्या रुग्णाला पहिली समज हवी ती ही, की गोळी चालू असताना रक्तदाब नीट आला तर तो गोळीमुळे नीट आलेला असतो आणि म्हणून गोळी बंद करायची नसते. गोळ्यांची सवय लागते या गैरसमजामुळे असंख्य लोक नेमक्या याच टप्प्यावर औषध सोडतात. घरी रक्तदाब मोजायचा तर अर्धा तास आधी चहा व तंबाखू टाळून, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले आणि दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून मोजावा लागतो. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सांगताना लोणचे, पापड, फरसाण आणि कोकणातील सुकट-बोंबील यांची नावे घेतली, तरच ती मर्यादा घरातल्या ताटाला लागू होते.

मधुमेहींसाठी साखर अचानक उतरणे हा ओळखायलाच हवा असा प्रसंग. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपण ही लक्षणे दिसली किंवा साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळली, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायचे. ताप-उलट्यांच्या दिवसांत इन्सुलिन मनानेच बंद करणे घातक ठरते, हेही आधी सांगून ठेवावे लागते. एकादशीच्या उपवासाला नेहमीची गोळी घेऊन दिवसभर पोट रिकामे ठेवले तर साखर उतरते, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली तर ती झपाट्याने चढते. तेव्हा उपवास करूच नका असे म्हणण्यापेक्षा त्या दिवसाचे औषध आणि आहार यांचे गणित आधीच डॉक्टरांशी ठरवणे अधिक उपयोगी पडते. पंढरीच्या वाटेवर आठवडे चालणाऱ्या मधुमेही वारकऱ्याच्या पायांतील संवेदना कमी झालेली असेल, तर फोड आलेला कळत नाही आणि जखम चिघळते, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी रोज तळवे पाहणे, अनवाणी न चालणे आणि सैल, बंद पादत्राणे वापरणे या सूचना त्याच्या श्रद्धेचा मान राखून देता येतात. याशिवाय गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी ठरावीक काळाने, तर डोळे, पाय आणि लघवीतील प्रथिन यांची तपासणी दरवर्षी करायची असते, आणि या तारखा रुग्णाच्या स्वतःच्या वहीत असल्या पाहिजेत. शिकवलेले समजले की नाही, हे "कळले का?" असे विचारून उमगत नाही, घरी गेल्यावर काय करणार हे रुग्णालाच त्याच्या शब्दांत सांगायला लावले की कुठे चुकते आहे ते लगेच लक्षात येते.

मर्यादा आणि जबाबदारी

स्वव्यवस्थापन हा सर्व प्रश्नांवरचा उपाय नाही. लॉरिग यांच्या पद्धतीवर आधारलेला कार्यक्रम ब्रिटनने २००२ पासून राष्ट्रीय पातळीवर राबवला, तेव्हा सहभागी लोकांचा आत्मविश्वास आणि उत्साह वाढल्याचे मूल्यमापनात आढळले, मात्र आरोग्यसेवेचा नेहमीचा वापर अपेक्षेप्रमाणे घटला नाही. याचा सरळ अर्थ असा, की रुग्णांना शिकवणे हा सरकारचा खर्च वाचवण्याचा मार्ग मानता येत नाही. लोकांचे जगणे सुधारते म्हणून ते करायचे असते.

दुसरी मर्यादा परिस्थितीची आहे. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीसाठी निघणारे आणि गाळप हंगाम संपेपर्यंत फडावर राहणारे मजूर आपल्या गावातील केंद्राशी कसे जोडलेले राहणार? निघताना पुरेशा गोळ्या, कारखान्याच्या परिसरातील केंद्रावर त्याच नोंदीवर औषध मिळण्याची सोय आणि कुठेही उघडता येणारी नोंद मिळाली नाही, तर त्यांना कितीही शिकवले तरी औषध सुटणारच. २०२१ पासून देशभर दिला जाणारा आभा हा आरोग्य ओळख क्रमांक अशा नोंदीचा पाया होऊ शकतो, मात्र गोळ्यांचा साठा आणि त्या हाती देणारा माणूस ही उणीव कोणताही क्रमांक भरून काढत नाही. घरातल्या स्त्रीची स्थितीही अशीच अवघड असते. नवऱ्याला मधुमेह झाला तर सगळ्या घराचा स्वयंपाक बदलतो. तिला झाला तर तिच्यासाठी वेगळे शिजवायला तिलाही संकोच वाटतो, म्हणून आहाराचा सल्ला एकट्या रुग्णाला न देता घराला द्यावा लागतो.

भारत सरकारने मे २०२३ मध्ये उच्च रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या साडेसात कोटी लोकांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. अशा उद्दिष्टाचे मोजमाप नाव नोंदवलेल्या रुग्णांच्या संख्येवर थांबू नये. किती जणांचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात आहे, किती जणांना वर्षभर एकही महिना गोळ्यांवाचून काढावा लागला नाही, किती जणांना साखर उतरल्यावर काय करायचे ते सांगता येते आणि किती जणांच्या सर्व औषधांची यादी एका ठिकाणी आहे, हे चार प्रश्न प्रत्येक आरोग्य केंद्राला विचारता येतील आणि त्यांची उत्तरे गावकऱ्यांसमोर ठेवता येतील. आपला आजार सांभाळण्याची तयारी बहुतेक माणसांची असते. त्यासाठी लागणारे ज्ञान, औषध आणि साथ वेळेवर पोहोचवणे हे आरोग्यव्यवस्थेचे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडल्याशिवाय रुग्णाकडे बोट दाखवण्याचा अधिकार तिला मिळत नाही.